मिसाईलची रेंज किती? हा प्रश्नच अर्धा आहे

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

कुणी लोकलमध्ये लटकत ऐकत असेल, कुणी भांडी घासता घासता, कुणी उद्याच्या पेपरचा अभ्यास बाजूला ठेवून. सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. मे २०२५ आठवतो ना? पंजाबमधल्या होशियारपूर जिल्ह्यात शेतात एक लांबलचक नळकांडं सापडलं होतं. बऱ्यापैकी शाबूत. ते होतं चिनी बनावटीचं पीएल-१५, म्हणजे एका लढाऊ विमानानं दुसऱ्या विमानावर सोडायचं मिसाईल. पुढे आपल्या हवाई दलानं पत्रकार परिषदेत त्याचे तुकडे दाखवलेसुद्धा.

आणि मग काय, व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ते सुरू झाले. आपलं अस्त्र मार्क-१ साधारण शंभर-एकशेदहा किलोमीटर. पीएल-१५ चं निर्यातीचं मॉडेल १४५ किलोमीटर. राफेलवरचं मेटिऑर, कंपनी म्हणते शंभरच्या बरंच पुढे. त्याखाली दोन तट. एक म्हणतो, ‘संपलं, त्यांची रेंज जास्त, आपण हरलो.’ दुसरा म्हणतो, ‘थांब, आपलं नवीन येतंय, मग बघ.’

कुणाची किती विमानं पडली यावर दोन्ही देशांचे दावे वेगवेगळे आहेत, त्या वादात आज आपण शिरणार नाही. आज फक्त त्या तक्त्यातला किलोमीटरचा रकाना बघायचाय. माझं म्हणणं असं, की तो रकाना खोटा नाही, पण अर्धा आहे. मिसाईल किती लांब जातं याला तेव्हाच अर्थ येतो, जेव्हा आधी कुणीतरी समोरच्याला बघितलेलं असतं, शेवटपर्यंत कुणीतरी वाट दाखवत असतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोर आहे तो नक्की शत्रूच आहे हे कुणीतरी ठरवलेलं असतं. या तिसऱ्या गोष्टीत चूक झाली की काय होतं, तेही आज बघू. त्यात एक गोष्ट नाशिकच्या घरापर्यंत येते.

चला, सुरुवातीपासून.

अंधारातली बॅटरी

रडार म्हणजे काय, हे शाळेत वाचलंय सगळ्यांनी. रेडिओ लहर सोडायची, ती समोरच्या वस्तूवर आपटून परत येते, जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. लहरीचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे दीडशे किलोमीटरवरच्या विमानाचा प्रतिध्वनी एका सेकंदाच्या हजाराव्या भागात परत.

पण इथे एक गोम आहे. लहर जाताना पसरते आणि परत येताना पुन्हा पसरते. म्हणून अंतर दुप्पट झालं, की परत येणारा प्रतिध्वनी अर्धा होत नाही, सोळापट कमजोर होतो. सोळापट! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोम. रात्री मोकळ्या मैदानात तुम्ही बॅटरी लावलीत. तुम्हाला पन्नास पावलांवरचा माणूस दिसेल. पण दोनशे पावलांवर उभ्या असलेल्याला तुमची बॅटरी दिसेल. कारण तुमचा उजेड त्याच्यापर्यंत फक्त एकदाच जायचा असतो, परत यायचं नसतं. लढाऊ विमानाचंही तसंच. रडार चालू केलं की तुम्हाला दिसतं, पण तुम्हीही दिसता. समोरच्याच्या कॉकपिटमध्ये रडार वॉर्निंग रिसीव्हर नावाचा पहारेकरी असतो, तो लगेच सांगतो, ‘अमुक दिशेनं कुणीतरी आपल्यावर उजेड टाकतंय.’

आता या बॅटरीच्या उदाहरणावरच मिसाईलच्या दोन पिढ्या समजून घेऊ.

पहिली पिढी. अंधारात एक जण बॅटरी धरून चोराच्या तोंडावर उजेड मारतोय, आणि त्याचा मित्र त्या उजेडात दगड भिरकावतोय. दगड पोहोचेपर्यंत बॅटरी हलवायची नाही. हलवली तर नेम गेला. याला म्हणतात सेमी-अ‍ॅक्टिव्ह. मिसाईलच्या नाकात फक्त ऐकणारा कान असतो, उजेड विमानानं पाडायचा. अमेरिकेचं स्पॅरो हे यातलं प्रसिद्ध नाव. त्यात पायलटची पंचाईत लक्षात आली का? मिसाईल सोडलं तरी त्याला सुटका नाही. समोरच्याकडे नाक करून, त्याच्याच दिशेनं उडत राहायचं. तोपर्यंत त्यानंही तुमच्यावर काही सोडलेलं असू शकतं.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनं हे स्पॅरो मोठ्या विश्वासानं नेलं. इतका विश्वास, की त्यांच्या एफ-४ फँटम विमानात सुरुवातीला बंदूकच नव्हती. म्हणे, लांबूनच काम होईल, बंदूक कशाला हवी? प्रत्यक्षात काय झालं? ढोबळमानानं दहा मिसाईल सोडावीत तेव्हा एखादं विमान पडायचं. नाजूक इलेक्ट्रॉनिक्स, दमट हवा, पायलटना पुरेसं शिक्षण नाही, अशी बरीच कारणं होती. पण एक कारण आपल्या आजच्या विषयाचं आहे. त्या आकाशात आपलीच विमानं इतकी होती, की नियम असा पडला, बहुतेक वेळा आधी डोळ्यांनी बघून खात्री करा, मगच सोडा. आता जे मिसाईल डोळ्यांपलीकडच्या अंतरासाठी बनवलंय, ते डोळ्यांना दिसेल इतक्या जवळून मारायचं! त्याची रेंज कागदावरच राहिली.

यातून अमेरिकेनं दोन गोष्टी केल्या. फँटमच्या पुढच्या मॉडेलमध्ये बंदूक बसवली. आणि त्यांच्या नौदलानं १९६९ मध्ये पायलटसाठी एक खास शाळा काढली. तिचं टोपणनाव तुम्हाला माहितीये, टॉप गन. टॉम क्रूझच्या आधीची गोष्ट आहे ही.

फुलक्याएवढा डोळा

दुसरी पिढी अ‍ॅक्टिव्ह मिसाईलची. आता दगड मारणाऱ्या मित्राच्या हातातच एक छोटी बॅटरी दिली. मिसाईलच्या नाकात स्वतःचं रडार. अमेरिकेचं अ‍ॅमराम, आपलं अस्त्र, चीनचं पीएल-१५, युरोपचं मेटिऑर, ही सगळी याच जातीची. अ‍ॅमरामनं पहिलं विमान पाडलं २७ डिसेंबर १९९२ ला. इराकच्या दक्षिणेला, अमेरिकी एफ-१६ नं इराकी मिग-२५ पाडलं.

मग प्रश्न येतो, स्वतःचं रडार आहे तर सोडून द्या आणि निघा घरी? नाही ना. अस्त्र किंवा अ‍ॅमरामचा व्यास आहे सुमारे १७८ मिलिमीटर. म्हणजे त्याच्या नाकात बसणारा रडारचा डोळा एखाद्या फुलक्याएवढा. विमानाच्या नाकातलं रडार याच्यापेक्षा कितीतरी मोठं आणि ताकदवान. आणि मघाचं ते सोळापट आठवा. एवढ्याशा डोळ्याला शंभर किलोमीटरवरचं विमान दिसणारच नाही. त्याला दिसतं ते शेवटच्या टप्प्यात, बरंच जवळ गेल्यावर.

मग मधला प्रवास कसा होतो? कल्पना करा, तुम्ही मित्राला सांगितलं, ‘दादरला उतर, शिवाजी पार्कच्या दिशेनं चालत ये, मी पांढऱ्या शर्टात आहे.’ तो निघाला. वाटेत तुम्ही फोन करता, ‘अरे, मी जरा पुढे सरकलोय, प्लाझाजवळ ये.’ तो वळतो. पुन्हा फोन. आणि अगदी जवळ आल्यावर तो स्वतःच तुम्हाला बघतो, मग फोनची गरज नाही.

मिसाईलचंही असंच. सुटताना विमान त्याला सांगतं, लक्ष्य कुठे आहे, कुठल्या दिशेनं किती वेगानं चाललंय. ते स्वतःच्या आतल्या जायरोस्कोपच्या भरवशावर निघतं. वाटेत विमान डेटालिंकवरून नवा पत्ता पाठवत राहतं. आणि शेवटी त्याचा स्वतःचा डोळा उघडतो. तिथून पुढे पायलट मोकळा. अमेरिकी पायलट असं मिसाईल सोडताना रेडिओवर ‘फॉक्स थ्री’ म्हणतात आणि डोळा उघडला की ‘पिटबुल’. म्हणजे कुत्रा साखळीतून सुटला, आता तो आणि त्याचं सावज.

आता सांगा, तो मधला फोन बंद पडला तर? मिसाईल जुन्या पत्त्यावर जाईल, डोळा उघडेल, आणि तिथे कुणीच नसेल. म्हणून पायलट मिसाईल सोडल्यावर लगेच पाठ फिरवत नाही. तो जरा तिरका वळतो, इतकाच की लक्ष्य त्याच्या रडारच्या अगदी कडेला राहील. स्वतः शत्रूकडे हळू सरकायचं, पण नजर सोडायची नाही. याला क्रँक म्हणतात. हे सगळं चालू असताना समोरचाही नेमकं हेच करत असतो!

शंभर किलोमीटर म्हणजे नक्की किती?

आता येऊ त्या रकान्याकडे. एक साधा हिशोब करू. कागद नको, डोक्यात होईल.

समजा एक मिसाईल आहे. त्याच्यात शंभर सेकंदांचा दम आहे आणि सरासरी वेग सेकंदाला एक किलोमीटर. म्हणजे ते एकूण शंभर किलोमीटर जाणार. समोरचं विमान सेकंदाला तीनशे मीटरनं उडतंय.

ते विमान तुमच्याकडे येतंय. मग शंभर सेकंदांत मिसाईल शंभर किलोमीटर पुढे गेलं आणि विमान तीस किलोमीटर स्वतःहून जवळ आलं. म्हणजे ते १३० किलोमीटरवर असताना तुम्ही मिसाईल सोडलंत तरी चालेल.

आता तेच विमान, मिसाईल सुटल्याबरोबर वळून पळायला लागलं. शंभर सेकंदांत ते तीस किलोमीटर लांब जाणार. म्हणजे ते सत्तर किलोमीटरच्या आत असेल तरच मिसाईल त्याला गाठेल.

मिसाईल तेच. एकदा १३०, एकदा ७०. फलाटावर येणारी लोकल पकडणं आणि सुटलेल्या लोकलमागे धावणं, यात जो फरक तोच. मग तक्त्यात कुठला आकडा छापतात? अर्थात मोठा. उंचावरून सोडलेलं, वेगात असलेल्या विमानानं सोडलेलं, आणि समोरचा बिचारा सरळ तुमच्याकडे येतोय, असा.

आणि हा हिशोबसुद्धा मी सोपा केलाय. खरं मिसाईल एकाच वेगानं जात नाही. त्याची रॉकेट मोटर जळते काही सेकंदच. त्या सेकंदांत ते ध्वनीच्या चौपट किंवा त्याहून जास्त वेग घेतं, आणि मग बाकीचा प्रवास नुसत्या मिळवलेल्या वेगावर. गलोलीतून सुटलेल्या दगडासारखा. दर सेकंदाला हवा त्याचा वेग खाते. बारा किलोमीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या जवळजवळ पाव भागच दाट असते, म्हणून मिसाईल आधी उंच चढतं आणि मग खाली झेपावतं. तेच जर खालच्या दाट हवेत सोडलं, तर रेंज कितीतरी कमी होते.

आणि शेवटी जेव्हा लक्ष्य समोर येतं, तेव्हा नुसतं पोहोचून भागत नाही. विमान जोरात वळणार, मिसाईलला त्याच्याहून जोरात वळावं लागणार. वळायला वेग लागतो. दमून भागून शेवटच्या किलोमीटरला पोहोचलेलं मिसाईल एका जोरदार गिरकीत हरू शकतं. अगदी आपटायलाच हवं असं नाही, जवळ गेलं की त्यातलं स्फोटकं भरलेलं डोकं आपोआप फुटतं आणि तुकडे उडतात, पण जवळ तरी जायला हवं ना!

म्हणून जाणकार लोक कमाल रेंजपेक्षा एक दुसरा शब्द वापरतात, नो-एस्केप झोन. म्हणजे असं अंतर, की ज्याच्या आत समोरच्यानं काहीही केलं, वळला, पळाला, तरी नुसत्या वेगाच्या जोरावर तो सुटू शकत नाही. हे अंतर कमाल रेंजपेक्षा बरंच कमी असतं आणि कंपन्या ते सहसा छापत नाहीत.

मेटिऑरची खरी ख्याती इथे आहे. त्यात रॅमजेट इंजिन आहे. साधं रॉकेट स्वतःचा ऑक्सिजन सोबत वाहून नेतं आणि पटकन जाळून संपवतं. रॅमजेट पुढून येणारी हवाच आत घेतं, त्यामुळे त्याला जळत राहता येतं, शिवाय वेग कमी-जास्तही करता येतो. थोडा दम शेवटासाठी राखून ठेवता येतो. मॅरेथॉन धावणाऱ्याला विचारा, शेवटच्या दोन किलोमीटरसाठी पायात काय उरलंय यावर सगळं असतं. दुसरा मार्ग म्हणजे मोटर दोन टप्प्यांत जाळायची, एकदा सुटताना, एकदा शेवटी. आपल्या अस्त्र मार्क-२ साठी तोच मार्ग घेतलाय.

समोरचाही काही गप्प बसत नाही. त्याच्याकडे एक भारी युक्ती आहे. रेल्वे फाटकावर उभं राहून एक्स्प्रेसचा भोंगा ऐकलाय ना? जवळ येताना आवाज चढा, लांब जाताना खाली. रडारही प्रतिध्वनीतला असाच चढ-उतार बघतं आणि त्यावरून पळतं विमान आणि स्थिर जमीन यांच्यात फरक करतं. मग पायलट काय करतो? रडारच्या नजरेला अगदी काटकोनात उडतो. ना जवळ येणं, ना लांब जाणं. रडारला वाटतं, ही जमीनच असावी. खाली डोंगर असेल तर आणखी चांगलं. सोबत चॅफ, म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग सोडायचा. मिसाईलच्या फुलक्याएवढ्या डोळ्याला मग भूल पडू शकते. नवीन रडार आणि नवीन सीकर ही युक्ती ओळखायला शिकलेत, आणि ही शिकवणी दोन्ही बाजूंनी चालूच असते.

‘कोण आहे?’ ‘मी!’

आता सगळ्यात अवघड भाग. तंत्रज्ञानाचा नाही, माणसाचा.

शंभर किलोमीटरवर रडारच्या पडद्यावर काय दिसतं? फोटो नाही. एक ठिपका. त्याचा वेग, उंची, दिशा. तो शत्रू आहे हे कोण सांगणार?

यासाठी आयएफएफ नावाची यंत्रणा असते, मित्र की शत्रू ते ओळखणारी. आपलं रडार सांकेतिक भाषेत विचारतं, ‘कोण आहे?’ समोरच्या विमानातला ट्रान्सपाँडर तशाच सांकेतिक भाषेत उत्तर देतो. आपल्याकडे दार वाजलं की आतून आजी विचारते, ‘कोण आहे?’ बाहेरून उत्तर येतं, ‘मी!’ आजी आवाज ओळखते आणि दार उघडते. पण उत्तरच आलं नाही तर? चोरच आहे असं म्हणायचं? कदाचित शेजारचे आजोबा असतील, ज्यांना ऐकू येत नाही.

हाच मुद्दा आहे. बरोबर उत्तर आलं तर तो मित्र. उत्तर आलं नाही, तर इतकंच कळलं की उत्तर आलं नाही. यंत्र बिघडलेलं असेल, बंद असेल, कोड चुकीचा लावला असेल. गप्प बसलेला प्रत्येक जण शत्रू नसतो.

१४ एप्रिल १९९४. उत्तर इराक. अमेरिकेची दोन एफ-१५ विमानं गस्त घालत होती. त्यांना खाली दोन हेलिकॉप्टर दिसली. आयएफएफला नीट उत्तर मिळालं नाही. वरून हवाई टेहळणीचं अवॅक्स विमान सगळं बघत होतं, त्यातूनही कुणी थांबवलं नाही. आणि हे ऐका, पायलट डोळ्यांनी बघायला जवळूनही गेले. त्यांना ती रशियन बनावटीची इराकी हेलिकॉप्टर वाटली. एक पाडलं अ‍ॅमरामनं, दुसरं उष्णतेचा माग काढणाऱ्या साइडवाइंडरनं. ती अमेरिकेचीच ब्लॅक हॉक होती. २६ माणसं गेली. अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की, कुर्द. कुणीही शत्रू नव्हतं.

मिसाईलनं आपलं काम अगदी चोख केलं होतं. चूक मिसाईल सुटायच्या आधी झाली होती.

आता आपल्याकडे या. २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. काश्मीरच्या आकाशात दोन्ही देशांची विमानं. त्या दिवशीच्या लढतीतल्या अ‍ॅमरामचा तुकडा दुसऱ्या दिवशी दिल्लीत पत्रकार परिषदेत दाखवला गेला, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. पण त्याच सकाळी श्रीनगरजवळ बडगामला आपल्या हवाई दलाचं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. आतले सहा जण गेले आणि खाली जमिनीवरचा एक नागरिक. नंतर चौकशीत निघालं, की ते आपल्याच, जमिनीवरून सुटलेल्या मिसाईलनं पडलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेव्हाचे हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, असं जाहीरपणे मान्य केलं.

त्या हेलिकॉप्टरमधला एक स्क्वाड्रन लीडर नाशिकचा होता.

हे मिसाईल जमिनीवरून सुटलेलं होतं, विमानातून नाही, हे खरं. पण प्रश्न तोच. पडद्यावर ठिपका आहे, वेळ सेकंदांची आहे, वातावरण तापलेलं आहे, आणि कुणीतरी ठरवायचंय. आपण तक्त्यात रेंज बघतो तेव्हा हा माणूस आपल्याला दिसतच नाही. रेंज जितकी वाढते, तितका तो माणूस समोरच्यापासून लांब जातो आणि तितकं त्याला यंत्रांच्या सांगण्यावर विसंबावं लागतं.

मग अस्त्रकडे कसं बघायचं?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे रेंजला काहीच किंमत नाही का? आहे. ज्याचा हात लांब, तो आधी मारू शकतो, आणि समोरच्याला आधी वळायला भाग पाडतो. कधी कधी तेवढंच पुरतं. पण लांब हाताला चांगला डोळा लागतो.

अस्त्रची बातमी वाचताना म्हणून मी काही वेगळ्याच गोष्टी शोधतो. २३ ऑगस्ट २०२३ ला गोव्याच्या किनाऱ्याजवळ तेजस विमानातून सुमारे वीस हजार फुटांवरून अस्त्र सोडलं गेलं. बातमीत रेंज गाजली. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की आपलंच विमान आणि आपलंच मिसाईल एकमेकांशी बोलू लागले. मघाशी तो दादरचा फोन सांगितला ना, तो फोन बाहेरच्या कंपनीच्या हातात असेल, तर आपल्याला हव्या त्या विमानावर हवं ते मिसाईल लावता येत नाही. प्रत्येक वेळी परवानगी, प्रत्येक वेळी बिल.

दुसरी बातमी ११ जुलै २०२५ ची. ओडिशाच्या किनाऱ्याजवळ सुखोई-३० मधून स्वदेशी सीकर बसवलेलं अस्त्र दोनदा सोडलं, वेगानं उडणाऱ्या मानवरहित लक्ष्यांवर. सीकर म्हणजे तोच फुलक्याएवढा डोळा. तोपर्यंत मिसाईल आपलं आणि डोळा बाहेरचा, अशी स्थिती होती. डोळा आपला असला की काटकोनाच्या युक्त्या, चॅफचे ढग, नवे जॅमर, या सगळ्यांना तोंड कसं द्यायचं हे आपल्याच माणसांना त्याला शिकवता येतं. आज शत्रूनं नवीन युक्ती काढली, तर उद्या आपण सॉफ्टवेअर बदलू शकतो. ही ताकद तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि याच्या मागे आणखी बरंच काही लागतं. आकाशातून लांबवर बघणारी ‘नेत्र’सारखी विमानं, जमिनीवरची रडार, त्या सगळ्यांना जोडणारं जाळं, ज्यामुळे पायलटला स्वतःची बॅटरी न लावताही समोरचा दिसतो. बिघडणार नाही असं आयएफएफ. आणि अशा वेळी ‘थांब, खात्री कर’ असं म्हणू शकणारा, शांत डोक्याचा, नीट शिकलेला माणूस.

तर मंडळी, पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी तक्ता टाकला, ‘त्यांची रेंज इतकी, आपली इतकी’, तर भांडू नका. त्याला फक्त तीन प्रश्न विचारा. हे अंतर समोरून येणाऱ्यासाठी की पळणाऱ्यासाठी? शेवटपर्यंत वाट कोण दाखवतंय? आणि तो ठिपका कोण आहे, हे कुणी ठरवलं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं इंजिनिअर शोधतायत, आणि तुमच्यापैकी जे इलेक्ट्रॉनिक्स किंवा कम्प्युटर शिकताय, त्यांच्यापैकी काही जण उद्या तेच काम करतील. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणाच्या तरी पोराचा जीव असतो. ते चुकलं, की रेंज शंभर असो की दोनशे, काही फरक पडत नाही.

आजचा भाग इथेच थांबवतो. आवडला तर ज्याला असे तक्ते फॉरवर्ड करायची सवय आहे, त्याला नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, काळजी घ्या!